हात कुठे गेला तिचा? मूर्त-अमूर्त चित्रांचं प्रदर्शन पहिल्यांदा बघायला जाताना

दोन हिवाळ्यांपूर्वी मावशीला घेऊन नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका कलादालनात गेले होते. मावशी जुन्या नागपुरातल्या महाल भागात वाढलेली, सारं आयुष्य ब्लाउज शिवण्यात गेलेलं. चित्रांचं प्रदर्शन ती पहिल्यांदाच बघत होती. एका मोठ्या कॅनव्हाससमोर ती थांबली. राखाडी-हिरव्या रंगाचा पसारा, डाव्या बाजूला वाकलेली एक बाई. बाईचा उजवा हात कोपरापर्यंत नीट काढलेला आणि कोपराच्या पुढे नुसता नारिंगी रंग. मावशी म्हणाली, "बाई वाकली आहे ते दिसतंय मला. पण हात कुठे गेला गं तिचा?" मी काही सांगायच्या आत तीच पुढे म्हणाली, "पुसला नाही हं त्यानं. आधी काढला असावा, मग उसवला."

मी बावीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवते आहे. अशा जागेबद्दल बोलताना 'आकृतीचं विघटन' असले जड शब्द मी कितीदा वापरले असतील, पण 'उसवला' इतका नेमका शब्द मला कधी सुचला नव्हता. तेव्हापासून प्रदर्शनाला पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते. चित्रात आकृती सापडली म्हणून समाधानानं पुढे सरकू नका. ती आकृती जिथे नुसत्या रंगात मिसळते ती शिवण शोधा आणि तिथे उभे राहा.

हे कसं करायचं, तेच पुढे क्रमानं लिहिलं आहे.

आधी थोडं: ही चित्रं कसली

ज्या चित्रात माणूस, झाड, घर, भांडं ओळखू येतं ते मूर्त किंवा आकृतिप्रधान. जिथे ओळखीचं काहीच नसतं, रंग, रेषा, पोत आणि मोकळी जागा एवढ्यावरच चित्र उभं असतं, ते अमूर्त. आजचे बरेच चित्रकार या दोन्हींच्या मध्ये काम करतात. चेहरा असतो, पण डोळ्यांच्या जागी रंगाचा एक फटकारा. खोली असते, पण तिची भिंत कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नाही.

माझा अनुभव असा की नव्या माणसाला पूर्ण अमूर्त चित्रापेक्षा हे मधलं चित्र जास्त छळतं. पूर्ण अमूर्तापुढे माणूस लवकर हात टेकतो आणि मग निवांतपणे रंग बघू लागतो. मधल्या चित्रात अर्धं ओळखू येतं, म्हणून उरलेलं अर्धंही ओळखू आलंच पाहिजे असं वाटत राहतं, आणि चित्राचं कोडं होऊन बसतं. यात आपल्या शाळांचाही हात आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना आपण वस्तुचित्र, स्थिरचित्र, स्मरणचित्र काढलं. घडा घड्यासारखा दिसला की मार्क मिळाले. ते शिक्षण चांगलंच होतं, हात त्यानंच बसतो. पण चित्र बघायची तीच एक फूटपट्टी आपल्या हातात राहिली.

नागपूरकरांनी तर या चित्रांना परकं मानायचं काहीच कारण नाही. भारतातल्या अमूर्त चित्रकलेतलं फार मोठं नाव, वासुदेव गायतोंडे, 2 नोव्हेंबर 1924 रोजी नागपुरात जन्मले. सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यातले. 1939 ते 1943 ही त्यांच्या शिक्षणाची वर्षं नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये गेली, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टला ते त्यानंतर गेले. दोघांच्याही कामात आकृतीकडून अमूर्ताकडे जाणारी वाट आहे. तिच्याबद्दल पुढे सांगते.

पायरी पहिली: दिवस आणि जागा

नागपुरात प्रदर्शनं बघायची तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेलेला असताना दुपारी तापून आत शिरलेल्या माणसाला आधी पंखा दिसतो, मग चित्र. फक्त डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. तेव्हा विधानभवन, आमदार निवास या भागात बॅरिकेड लागतात, रस्ते वळवतात. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आमदार निवासासमोरच आहे, त्यामुळे त्या आठवड्यांत गाडी घरी ठेवा आणि मेट्रोनं झिरो माइल किंवा कस्तुरचंद पार्कला उतरा. चिटणवीस सेंटरही सिव्हिल लाइन्समध्येच आहे. लोकमत चौकातल्या जवाहरलाल दर्डा आर्ट गॅलरीत प्रदर्शनं लागतात आणि शासकीय चित्रकला महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन तर चुकवूच नका. तिथे चुकाही दिसतात, आणि चित्रातली चूक बघता येणं हे मोठं शिक्षण आहे.

संग्रहालयात जायचं असेल तर सोमवार टाळा. बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात. मी पाहुण्यांना घेऊन एकदा कुलूप बघून परत आले आहे. आपला अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, 1863 चं. मूर्त-अमूर्त प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात तिथे एक चक्कर मारा असं मी मुद्दाम सांगते. दगडी मूर्तींपुढे थांबा. एखाद्या मूर्तीचा हात तुटलेला असतो, नाक झिजलेलं असतं, तरी ती मूर्ती पूर्ण वाटते. नसलेला भाग डोळा आपोआप भरून काढतो. आजचा चित्रकार डोळ्याच्या याच सवयीवर विसंबून काम करतो.

सामान कमी न्या. पाठीवरची सॅक पुढे घ्या, पाण्याची बाटली बाहेर ठेवा. सोबत एक छोटी वही आणि पेन्सिल असू द्या. पेन अनेक संग्रहालयांत चालत नाही, कारण शाईचा डाग निघत नाही. आणि एक घरगुती साधन करून न्या. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदात आगपेटीएवढी चौकोनी खिडकी कापा. तिचा उपयोग तिसऱ्या पायरीत आहे.

पायरी दुसरी: न थांबता एक फेरी

आत शिरलात की पहिल्या चित्रापुढे उभे राहू नका आणि भिंतीवरचा मोठा मजकूर वाचू नका. सगळ्या दालनातून आधी चालत जा, पाच-सात मिनिटांत. पाय जिथे आपसूक मंदावतील ती दोन-तीन चित्रं लक्षात ठेवा. आवडलेलीच असली पाहिजेत असं नाही, खटकलेली चालतील. खटकलेलं चित्र पुढे जास्त देतं असं मला अनेकदा दिसलं आहे.

एखाद्या खोलीत उजेड कमी असेल तर वीज वाचवायला केलेला तो प्रकार नसतो. कागदावरची कामं, जलरंग, रेखाटनं प्रकाशानं फिकी पडतात, म्हणून संग्रहालयं तिथे साधारण 50 लक्सपर्यंतच (लक्स हे उजेड मोजायचं माप) उजेड ठेवतात. तैलरंगाला त्याहून बराच जास्त चालतो. मंद खोलीत डोळे सरावायला दोन मिनिटं द्या. कॅमेऱ्याचा फ्लॅशही याच कारणानं बंद असतो.

पायरी तिसरी: एकच चित्र, दहा मिनिटं

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक एका चित्रापुढे किती वेळ थांबतात याची एक पाहणी झाली होती. ती 2001 साली प्रसिद्ध झाली, आणि सरासरी निघाली साधारण 27 सेकंद. तीही जगप्रसिद्ध चित्रांपुढे. तेव्हा तुम्ही एका चित्राला दहा मिनिटं दिलीत तर दालनातल्या जवळजवळ सगळ्यांपेक्षा जास्त बघितलंत.

पहिली दोन मिनिटं लांबून बघा. चित्राच्या कर्णाच्या दीडपट अंतर हा ढोबळ हिशेब. नागपुरात मोठाले पुतळे मिरवत नेतात त्या मारबतीच्या मिरवणुकीला गर्दीत मागे उभं राहिलं की दुरून काय दिसतं ते आठवा. डोक्यांच्या वर एक पिवळा डोंगर हलत येतो. मग त्यात डोळे दिसतात, मग हात, मग दागिने. जवळ आल्यावर कागद, बांबू आणि रंग दिसतो, आणि पिवळी मारबत पुन्हा हरवते. चित्रापुढे हाच प्रवास तुम्हाला स्वतःच्या पायांनी करायचा आहे, पुढे आणि मागे, निदान तीनदा.

लंडनला 1969 साली जन्मलेली आणि न्यूयॉर्कला स्थायिक झालेली सिसिली ब्राउन हे या प्रकारच्या चित्रकलेतलं आजचं मोठं नाव. 2023 मध्ये मेट्रोपॉलिटन संग्रहालयात तिचं मोठं प्रदर्शन झालं. त्यात आरशासमोर बसलेल्या बाईचा विषय पुन्हा पुन्हा येत होता. बाई आणि आरसा मिळून होणारा एकूण आकार कवटीचा असतो, ही युरोपातली जुनी युक्ती. ब्राउनच्या हातात ती वेगळी होते, कारण तिच्या फटकाऱ्यांत बाईही धड हाती लागत नाही आणि कवटीही. एक पाऊल मागे गेलं की एक दिसते, पुढे आलं की दुसरी, आणि अगदी जवळ गेलं की दोन्ही जाऊन ओला रंग ओल्या रंगात घसरलेला दिसतो. मोबाइलवर हे जमत नाही. तिथे सगळीच चित्रं तळहाताएवढी होतात. जाण्यापूर्वी मोबाइलवर बघून ठेवा जरूर, पण ते लग्नाआधी फोटो बघण्यासारखं.

आता मावशीच्या चित्राकडे परत येते, कारण पुढची मिनिटं कशी घालवायची ते त्यावरून नीट सांगता येईल.

लांबून झाल्यावर आम्ही हातभर अंतरापर्यंत गेलो. बाईचा खांदा एकाच गडद तपकिरी रेषेत होता. मानेपाशी रेषा बोटभर जाड, दंडाकडे बारीक होत आलेली. कोपरापाशी तिचे दोन धागे झाले होते. एक खाली वळून बंद झाला होता, दुसरा नारिंगीत शिरून दिसेनासा. नारिंगी रंग सपाट नव्हता. सुरीनं ओढून खरवडला होता, इतका की कॅनव्हासची वीण दिसत होती आणि विणीच्या खोबणीत खालचा हिरवा अडकून राहिला होता. जिथे मनगट असायला हवं तिथे नखाएवढा पांढरा ठिपका. बांगडी? उजेड? चित्रकारानं सांगितलेलं नाही. पण तो ठिपका तिथे असल्यामुळेच डोळा कोपरापासून तिथपर्यंत हात ओढून नेतो.

मग मी मावशीला एक डोळा मिटून तळहातानं नारिंगी भाग झाकायला सांगितला, अर्थात लांबूनच. उरलेली बाई एकदम लाकडी दिसू लागली, कॅलेंडरवरची. मग उलट केलं, बाई झाकली. नारिंगी रंग तिथेच होता, पण तो नुसता रंग झाला, त्यातला जोर गेला. दोन्ही एकत्र बघितल्यावर मात्र बाई काहीतरी उचलत होती, आणि ते जड होतं. काय उचलत होती ते चित्रात कुठेही नव्हतं.

ही झाकून बघण्याची युक्ती प्रत्येक चित्रावर करा. तुमची कागदाची खिडकी याचसाठी. ती डोळ्यासमोर धरून चित्राचा एक तुकडाच बघा, आकृती आणि रंग मिळतात त्या जागेवरचा. तेवढा तुकडा वहीत पेन्सिलनं उतरवून घ्या, दोन बोटं लांबीचा. चांगला यायची गरज नाही. रेषा कुठे तुटली आणि कुठे रुंद झाली हे हातानं काढताना जितकं कळतं तितकं नुसतं बघून कळत नाही, हे मी दरवर्षी सातवीच्या वर्गात बघते.

एरवी हात मागे बांधलेले असू द्या. बोटांना तेल आणि घामातले क्षार असतात, ते रंगावर राहून पुढे डाग पडतो. मागे सरकताना मागच्या चित्राकडेही लक्ष असू द्या. लहान दालनांत माणसं पाठीनं चित्रांना धडकतात.

पायरी चौथी: रंग कसा लागला आहे

'हे काय आहे?' हा प्रश्न पाच मिनिटं बाजूला ठेवून 'हे कसं केलं असेल?' असा विचारा. त्याची उत्तरं चित्रावरच लिहिलेली असतात.

तैलरंग म्हणजे रंगाची पूड आणि तेल, बहुतेक वेळा जवसाचं. आपण विदर्भातली माणसं जवसाची चटणी खाऊन मोठी झालो, पण रझांच्या आणि जुन्या डच चित्रकार रेम्ब्रांच्या रंगातही हेच बी घातलेलं असतं हे वर्गात सांगितलं की मुलांचे डोळे विस्फारतात. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून सुकत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि हळूहळू घट्ट पापुद्रा होतं. त्याला काही दिवस लागतात, थर जाड असेल तर आठवडे, आणि आतपर्यंत सुकायला महिने. म्हणून तैलरंगात चित्रकार ओल्यात ओला रंग ओढू शकतो, गालाची कड बोटानं मागच्या भिंतीत मिसळू शकतो, दुसऱ्या दिवशी येऊन सगळं खरवडू शकतो. अॅक्रिलिक तासाभराच्या आत सुकतं. त्यात कडा जास्त ठाम राहतात, थर एकमेकांत न मिसळता एकावर एक बसतात.

हे माहीत असलं की शिवण वाचता येते. आकृतीची कड धुरकट असेल तर ती ओली असताना मिसळली. कड ठाम असून तिच्यावरून दुसऱ्या रंगाचा पातळ पदर गेला असेल तर आकृती आधी पूर्ण केली, सुकू दिली आणि मग झाकली. खरवडल्याच्या खुणा असतील तर काहीतरी पूर्ण करून परत काढलं आहे. अमेरिकेतल्या विलेम डी कूनिंगनं 'वुमन 1' या एका चित्रावर 1950 ते 1952 काम केलं, पुन्हा पुन्हा खरवडून. आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात असलेल्या त्या चित्रात बाई आहे आणि तिला मोडून काढण्याचे फटकारेही तितकेच आहेत.

चित्राच्या बाजूनेही बघा. कॅनव्हासच्या कडेवर ओघळलेले रंग असतात, आणि खाली कोणते थर होते ते तिथे बऱ्याचदा उघडं पडतं. माझ्या ओळखीतल्या चित्रकला शिक्षकांपैकी बरेच जण आधी कडच बघतात.

पायरी पाचवी: आता पाटी वाचा

पाटीवर नाव, वर्ष, माध्यम आणि आकार असतो. आकारात सहसा उंची आधी आणि रुंदी नंतर लिहितात. 'शीर्षकहीन' दिसलं तर चित्रकारानं आळस केला असं समजू नका. नाव दिलं की बघणारा त्या नावाला जाऊन चिकटतो, ते त्याला नको असतं. 'संमिश्र माध्यम' असेल तर कागद चिकटवलाय का, कोळसा वापरलाय का, कापड आहे का, ते परत जवळ जाऊन शोधा. विक्रीच्या गॅलरीत पाटीजवळ लाल टिकली दिसली तर ते चित्र विकलं गेलं आहे. संग्रहालयात तो प्रश्न नसतो.

पायरी सहावी: चित्रकाराचा रस्ता

संग्रहालयातल्या प्रदर्शनाची गॅलरीपेक्षा मोठी सोय ही की तिथे वीस-तीस वर्षांचं काम एकत्र बघायला मिळतं. तिथे वर्षांकडे लक्ष ठेवून चाला. आकृती कुठे सैल झाली? कुठे परत आली?

रझांचं उदाहरण घ्या. सुरुवातीला निसर्गचित्रं, गावं, घरं. 1950 ला ते फ्रान्सला गेले. तिथे घरं हळूहळू रंगाच्या ठोकळ्यांत मिसळत गेली, आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडे बिंदू आला. लहानपणी मन एकाग्र व्हावं म्हणून शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे बघायला सांगितलं होतं, ही आठवण ते सांगत. वडील जंगल खात्यात होते, मंडल्याचं जंगल आणि नर्मदा त्यांच्या डोळ्यांत होती. हे माहीत असताना त्यांच्या काळ्या बिंदूकडे बघितलं की त्यात रात्र दिसते, जंगलातली. 2023 मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं तेव्हा हा सगळा प्रवास लोकांनी एका जागी पाहिला.

गायतोंड्यांनी आकृती पूर्ण सोडली. जे. जे.मधून 1948 ला बाहेर पडल्यावर सुरुवातीची काही वर्षं त्यांच्या चित्रांत माणसं आहेत. पुढे रोलर आणि सुरीनं थर चढवणं आणि काढणं एवढंच उरलं. आपल्या कामाला अमूर्त म्हणणंही त्यांना पसंत नव्हतं. वर्षाला ते मोजकीच चित्रं करायचे. 2014 साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन लागलं, तेव्हा माझ्या वर्गातल्या फळ्यावर मी 'नागपूर, 1924' एवढंच लिहिलं होतं. त्यांच्या जन्माची खूण या शहरात ठळकपणे दिसायला हवी असं मला मनापासून वाटतं.

रामकुमारांची सुरुवातीची चित्रं शहरातल्या एकाकी माणसांची. 1960 मध्ये ते हुसेन यांच्यासोबत बनारसला गेले, आणि पुढे त्यांच्या कॅनव्हासवरून माणसं उठून गेली. राहिले घाट, घरं, पाणी, तेही ओळखीच्या पलीकडे गेलेले. प्रभाकर बरवे मात्र वस्तू सोडत नाहीत. पान, घड्याळ अशा साध्या गोष्टी ते इतक्या मोकळ्या अवकाशात ठेवतात की वस्तू ओळखू येऊनही परकी होते. 2019 मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं होतं. आज मधल्या वाटेवर काम करणारा मराठी चित्रकार समजून घ्यायचा असेल तर मी आधी बरवे बघायला सांगेन, गायतोंडे नंतर.

अशी मोठी प्रदर्शनं नागपूरला कमी येतात, हे दुःख आहेच. विदर्भ एक्स्प्रेसनं संध्याकाळी निघालं की सकाळी मुंबईला सीएसएमटी. तिथून काळा घोडा चालत गाठता येतो, आणि जहांगीर आर्ट गॅलरी, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय हे तिन्ही एकमेकांपासून पाच-सात मिनिटांवर. रात्रीच्या गाडीनं परत. वर्षातून एकदा हे करायला हरकत नाही. सोमवार तेवढा सोडून.

विचारायचं काय, वहीत लिहायचं काय

आपल्याकडच्या लहान दालनांत चित्रकार बऱ्याचदा स्वतःच दाराशी टेबल टाकून बसलेले असतात. लोक त्यांना टाळून बाहेर पडतात, कारण आपलं अज्ञान उघडं पडेल अशी धास्ती. जाऊन बोला. 'सर, याचा अर्थ काय?' असं मात्र विचारू नका, त्याचं उत्तर पाठ झालेलं असतं. 'मॅडम, हे चित्र कुठे अडलं होतं?' असं विचारा. किंवा 'या चित्रात शेवटचा हात कुठे फिरवला?' हा प्रश्न ऐकून चित्रकार खुर्चीवरून उठतात आणि तुम्हाला चित्रापाशी घेऊन जातात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. मग जे ऐकायला मिळतं ते कॅटलॉगमध्ये नसतं.

अभिप्रायाच्या वहीत 'खूप सुंदर, शुभेच्छा' लिहून येऊ नका. एका चित्राचं नाव आणि त्यातली एक जागा लिहा. 'खिडकीच्या चित्रात खालच्या कोपऱ्यातला निळा मला थंड वाटला' एवढं पुरे. चित्रकार प्रदर्शन संपल्यावर ती वही घरी नेऊन वाचतात.

आवडलं नाही तर? नाही आवडलं. पण कुठे नाही आवडलं ते स्वतःला सांगता आलं पाहिजे. काही चित्रांत आकृती उसवलेली नसते, काढायला जमली नाही म्हणून रंगात लपवलेली असते. ते ओळखू येतं. अशा चित्रात झाकून बघण्याची युक्ती केली तर काहीच बदलत नाही. भाग झाकला काय, उघडा ठेवला काय, चित्र तेवढंच राहतं.

मुलं सोबत असतील तर

तीन चित्रं, अर्धा तास, आणि बाहेर तर्री पोहे. याहून जास्त ताणू नका. मुलांना अर्थ सांगायच्या फंदात पडू नका, त्यांना विचारा की 'या चित्रात सगळ्यात आधी काय काढलं असेल?' त्यावर त्यांच्यात जे भांडण जुंपतं ते ऐकत राहा.

दुसऱ्यांदा

प्रदर्शन संपायच्या आत परत जा. गर्दी उद्घाटनाच्या दिवशी असते. मधल्या एखाद्या वारी सकाळी दालन रिकामं असतं. त्याच चित्रापाशी जा, आणि जमलं तर त्याच माणसासोबत.

मावशी चौथ्या दिवशी स्वतःच म्हणाली, चल जाऊन येऊ. या वेळी ती थेट त्या चित्रापाशी गेली. हाताकडे बघितलंच नाही तिनं. खाली उजव्या कोपऱ्यात, जिथे मी आदल्या वेळी एकदाही नजर टाकली नव्हती, तिथे तोच नारिंगी होता, दोन बोटं रुंदीची पट्टी, हिरव्याखाली अर्धी दबलेली. "हे बघ," ती म्हणाली, "उरलेलं कापड इथे लावलंय."